नागपूरपर्यंत हात खिशात

२६ एप्रिल, रविवार

राग गेला. कायमचा.

ठाण्याला दोन दिवसांचं क्रोधमुक्ती शिबिर केलं, ते आज संपलं. शेवटच्या सत्रात एकाने माझी खुर्ची घेतली. मी ती परत घेतली तेव्हा तो अजून तिच्यावर बसलेला होता. थोडं खरचटलं त्याला. तरी सर्टिफिकेट मिळालं, म्हणजे त्यांच्या लेखी मी पास.

शिकलेलं तंत्र सोपं आहे. राग आला की दोन्ही हात खिशात घालायचे आणि मनात म्हणायचं, मी हिमालय आहे.

घरी येऊन देवयानीला सर्टिफिकेट दाखवलं. तिने चष्मा लावून पूर्ण वाचलं. बँकेत असल्यामुळे कागद वाचायची खोड आहे तिला. मग म्हणाली, बरं झालं, कारण मला नागपूरचं प्रमोशन आलंय, अठरा मेला जॉइन व्हायचंय. मी म्हटलं, जाऊ की दोघं. आमच्या इन्शुरन्स कंपनीचं तिकडे ऑफिस आहे. मोटार क्लेम नागपुरातही होतात, उलट उन्हाने लोक जास्तच धडकत असतील. ती म्हणाली, त्याचाच विचार करतेय, दोघं जायचं की मी एकटीने.

एकटीने कशाला?

तर म्हणे, बाळकाकांच्या स्कूटरचं काय केलंस ते आठव.

आठवतं. बाळकाका तळमजल्यावर राहतात, सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांची स्कूटर माझ्या पार्किंगमध्ये होती. मी ती बाजूला केली. बाजूला गटार होतं, यात माझा काय दोष? काकांना मी बोटही लावलेलं नाही. ते आपण होऊन मागे सरकले आणि जिन्यावर बसले.

३० एप्रिल

आयडिया माझीच. नागपूरला जायचं तर बाइकवरून जाऊ. डोंबिवली ते नागपूर, मे महिना, वर सूर्य, खाली डांबर. राग गेलाय हे सिद्ध करायला याच्याइतकी कडक टेस्ट नाही.

देवयानी बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, ठीक आहे, पण मग टेस्ट म्हणजे टेस्ट. कोपरच्या आपल्या सोसायटीच्या गेटमधून निघाल्यापासून नागपूरला गाडी स्टँडवर लागेपर्यंत कुणाशीही हाणामारी करायची नाही. नाही केलीस तर दोघं तिकडे राहू. केलीस तर मी एकटी राहीन, आणि किती दिवस ते मला विचारायचं नाही.

मी हसलो. ती हसली नाही. उकाड्यात तिला हसवत नाही.

लहान मूलसुद्धा पास होईल अशी अट. मनात आलं, हिने जरा अवघड काहीतरी मागायला हवं होतं.

३ मे, रविवार

प्लॅन पक्का. समृद्धी महामार्ग. सकाळी सहाला निघायचं, संध्याकाळच्या चहाला नागपूर. लोक उगाच घाबरतात लांबच्या प्रवासाला.

हेल्मेटमध्ये बसवायचे इंटरकॉम आणले. मी पुढे बोललो की मागे तिला कानात ऐकू येतं. रेंज एक किलोमीटर, असं दुकानदार म्हणाला. ट्रायल घेतली. तिला हेल्मेट घालून गच्चीत उभं केलं आणि मी स्टेशनकडे निघालो. कोपऱ्यावर एक रिक्षावाला आडवा आला. त्याच्याशी दोन शब्द बोललो. लगेच कानात देवयानी: हिमालय एवढ्या शिव्या कुठे शिकला रे?

क्वालिटी उत्तम. पैसे वसूल.

तिचं पॅकिंग बघितलं. बाइकच्या ट्रिपला इस्त्रीच्या सुती साड्या! डिग्रीची सर्टिफिकेटं! मी म्हटलं, अगं, घर हलवतेस काय? साड्या बॅगेच्या तळाशी सरकवल्या. वर म्हणते, थकलास तर मी चालवीन, कल्याणला कॉलेजात होते तेव्हा बाबांची गाडी चालवायचे. लग्नाआधी आपण काय काय करायचो ते प्रत्येकच जण सांगतो.

९ मे, शनिवार, सकाळी

प्रस्थान.

गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ आणला. बाळकाकाही खाली आले होते. मन मोठं आहे त्यांचं. म्हणाले, जपून जा हो, दुपारच्या वेळी सावलीत थांबत जा. नारळ फोडायला घेतला तर फुटेना. चारदा आपटला. पाचव्यांदा त्या नारळाला जरा समजेल अशा भाषेत सांगितलं आणि पूर्ण जोर लावला. एक भकल पायरीवरून उडालं आणि थेट काकांच्या कपाळावर लागलं. रक्त बरंच आलं. काकांनी रुमाल दाबून धरला आणि म्हणाले, शुभ असतं.

देवयानीने त्यांना घरात नेऊन पट्टी बांधली. ही हाणामारी नव्हे, हे मी गेटच्या आत असतानाच स्पष्ट केलं. ती म्हणाली, नारळाचा धरत नाही.

तरी निघायला साडेआठ झाले.

त्याच दिवशी, दुपारी

समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे.

हे मला कुणीही सांगितलेलं नव्हतं. मोठागावच्या पुलावरून नाशिक हायवेला लागलो, आमण्याला समृद्धीच्या तोंडाशी पोचलो, समोर सहा लेनचा रिकामा रस्ता आणि मध्ये एक शिट्टी. गार्ड म्हणाला, साहेब, बोर्ड वाचा. मी म्हटलं, बोर्ड कुठे आहे? म्हणाला, तुम्ही त्यालाच गाडी टेकवून उभे आहात.

उत्तर द्यायची ही पद्धत असते? मी हात खिशात घातले. मी हिमालय आहे, दोनदा म्हटलं. मग तो शेजारच्याला म्हणाला, डोंबिवलीचे दिसतायत. इथे हिमालयाने तरी काय करावं?

क्लेमच्या भाषेत लिहायचं तर: थर्ड पार्टीची टोपी नाल्यात गेली, शर्टाची दोन बटणं तुटली, शिट्टी दातावर आपटून ओठ फाटला. इन्शुअर्डच्या, म्हणजे माझ्या, मानेवर नखांचे ओरखडे. देवयानीने मध्ये पडून सोडवलं. स्वतःची पाण्याची बाटली गार्डला दिली, सॉरी म्हणाली. कसाऱ्याच्या घाटात कानात आवाज आला: एक उन्हाच्या नावावर सोडते, सुश्रुत. एकच.

म्हणजे अजून पास आहे.

संध्याकाळी, इगतपुरी

मुक्काम. हवा बरी. निष्कर्ष: माझ्यात दोष नाही, टेंपरेचरमध्ये आहे. उद्यापासून अकरा ते चार सावलीत.

१० मे, रविवार, दुपारी, येवला

सावलीत थांबण्यातच धोका असतो, हे आज कळलं.

उसाच्या रसाचं गुऱ्हाळ. निंबाखाली बाकडी, घुंगरांचा आवाज, बर्फ. रांगेत मी पुढे. मागून एक बनियनवाला आला आणि माझ्या डोक्यावरून हात घालून ग्लास उचलला. मी शांतपणे सांगितलं, रांग आहे. तो म्हणाला, रांग आहे ना, मग लाग. आजूबाजूचे हसले. रसवालाही हसला. हा चाळीस डिग्रीत केलेला विनोद आहे, हे लक्षात घेतलं पाहिजे.

हात उचलला नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. हात खिशातच होता. डावा. उजव्या हातात हेल्मेट होतं, ते उचललं गेलं. बनियनवाल्याच्या कानशिलावर बसलं, तो चरकावर पडला, चरक चालू होता. नशीब, बनियनच आत गेलं. बनियन चिपाडासारखं बाहेर आलं आणि तो उघडा रडायला लागला. मग त्याच्या तिघा नातेवाइकांनी मला पाण्याच्या टाकीत डोकं धरून बुडवलं. पहिल्यांदा बरं वाटलं. दुसऱ्यांदा नाही.

देवयानीला म्हटलं, सुरुवात त्याने केली, ग्लास त्याने उचलला. ती म्हणाली, हो, ग्लास उचलला.

त्यानंतर संभाजीनगरपर्यंत इंटरकॉमवर एक शब्द नाही. फक्त श्वास ऐकू येत होता. शांत, समाधानी असावी. प्रवास असा नवराबायकोला जवळ आणतो.

संध्याकाळी, जालना

लॉजचा कूलर आवाज करतो, हवा देत नाही. मॅनेजरला बोलावलं. म्हणाला, पाणी टाका. टाकलं. म्हणाला, आता थोडं थांबा. थांबलो. मग कूलरला लाथ घातली. वस्तू मोजायच्या नाहीत, असं माझं मत आहे. कूलर आडवा झाला, पाणी जिन्यावरून खालच्या काउंटरपर्यंत गेलं, रजिस्टर भिजलं. त्यानंतर मॅनेजरच्या तळहाताचा माझ्या गालाशी दोनदा संपर्क आला.

मी परत मारलं नाही! कोरड्या कागदावर लिहून ठेवण्यासारखी गोष्ट. देवयानीला सांगितलं, बघितलंस? शिबिराचा परिणाम. ती ओली साडी पिळत होती. म्हणाली, वेटरने मागून दोन्ही हात धरले होते तुझे.

ते त्याचं काम त्याने केलं. मनाने मी सोडूनच दिलं होतं.

तिने गादी कोरड्या कोपऱ्यात ओढली, अगदी कडेला आडवी झाली आणि मला म्हणाली, तू झोप, मला जागा पुरते. तिची कायमची जागा पलंगाची कड असते, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं. उकडतं म्हणून असेल.

११ मे, सोमवार, मेहकरच्या अलीकडे

डावा डोळा उघडत नाही, म्हणून अक्षर असं. क्रमाने लिहितो.

पंचेचाळीस डिग्री. हायवेला धाबा. देवयानी आत पंख्याखाली बसली, हेल्मेट समोर टेबलावर. मी गाडी मागे सावलीत लावायला गेलो. तिथे एक ट्रक रिव्हर्स घेत होता. ड्रायव्हर उतरला, नाव भगवान, हे नंतर कळलं. म्हणाला, भाऊ, गाडी काढा, मले ट्रक लावायचा आहे. मी म्हटलं, जागा माझी आहे. तो म्हणाला, जागा धाब्याची आहे, तुम्ही जेवाले आले का जागा घ्याले?

पार्किंगचा विषय माझ्यासमोर काढू नये, हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. म्हणून मी त्याला नीट समजावलं. समजावताना त्याच्या गळ्यातला गमछा माझ्या हातात होता. त्याचा चेहरा काळा-निळा होत होता तेव्हा मी मनात म्हणत होतो, मी हिमालय आहे. मग भगवानने मला उचललं. खरंच उचललं, गव्हाचं पोतं उचलतात तसं, आणि ट्रकच्या मागच्या फळीवर आपटलं. एक दात पडला. मी त्याच्या दंडाला चावलो. तो ओरडला. मी म्हटलं, ओरड, आता कोण ऐकतंय तुझं? माझी बायको आत आहे, तिला यातलं काही कळणार नाही. पडलो म्हणून सांगेन, आणि ती ऐकेल. चौदा वर्षं ऐकतेय.

मग त्याने पुन्हा आपटलं.

तोंड धुतलं, शर्ट खोचला, आत गेलो. देवयानीला म्हटलं, अगं, मागे चिखलात पाय घसरला.

धाब्यातले सगळे आमच्याकडे बघतायत. पोळ्या लाटणारी बाई लाटणं हातात धरून उभी. देवयानीने टेबलावरच्या हेल्मेटकडे बोट दाखवलं. त्यातून माझाच श्वास येत होता, धापा टाकत. माझं हेल्मेट माझ्या डोक्यावर होतं. हिरवा लाइट चालू.

क्वालिटी उत्तम आहे हे मी आधीच लिहिलं होतं.

मी म्हटलं, घरी बोलू. ती म्हणाली, इथेच बोलू. आवाज चढवला नाही. तिने कधीच चढवलेला नाही, हे मान्य करायला हवं. म्हणाली, नागपूरला मी एकटी जाते. मी म्हटलं, अगं, पण तुझ्यावर मी आजपर्यंत एकदा तरी हात उचललाय का? सांग या सगळ्यांसमोर!

हा माझा हुकमी मुद्दा होता.

ती म्हणाली, नाही. कधीच नाही. पण चौदा वर्षं मी तुझ्याशी बोलताना तुझ्या तोंडाकडे बघत नाही, हाताकडे बघते. तिकडे बाळकाका नसतील, रिक्षावाले ओळखीचे नसतील, ऑफिस नवीन. नागपुरात तुझ्या हाताजवळ कोण असेल, सुश्रुत? मीच.

मुद्द्याला सोडून बोलली. मी तसं सांगितलं. सांगताना हात हलवून सांगितलं, माझी सवय आहे. ती एक पाऊल मागे सरकली. तिच्याबरोबर पोळ्यांवाली बाईही सरकली.

चावी तिच्याकडे कधी गेली ते कळलं नाही. तिने बॅगा बांधल्या, हार काढून टाकला, गाडी स्टँडवरून उतरवली. मी म्हटलं, तुला गिअर झेपणार नाही! तिने किक मारली, पहिला टाकला, दुसरा टाकला. गिअर झेपले.

रस्त्याच्या कडेला नागपूरचा मैलाचा दगड होता. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी हात खिशात ठेवले होते. हे महत्त्वाचं आहे. त्यानंतर दगडाला ठोसा मारला. दगड जिवंत नसतो.

हाताचा आवाज आला. कानातही आवाज आला, तिचाच, तुटक: पाणी पी... सावलीत थांब... मग खरखर. मग रेंज संपली.

भगवानने ट्रक बाहेर काढला आणि मला वर बसवून मेहकरच्या दवाखान्यात नेलं. वाटेत म्हणाला, काहून साहेब, त्या गोट्यानं काय केलं होतं तुमचं? त्याच्या दंडावर माझे दात उमटले होते. एक कमी.

१७ मे, रविवार, कोपर

डाव्या हाताने लिहितोय. थोडक्यात.

एसटीने आलो. अठरा तास खिडकीशी. कुणाशी भांडण नाही. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये, हे त्याचं कारण नव्हे. बदल आतून झालाय.

ती पोचली की नाही, कळवलेलं नाही. काल हेल्मेट घालून गॅलरीत बसलो होतो. इंटरकॉम चालू केला. एक किलोमीटर म्हणजे इथून मानपाड्यापर्यंतही नाही, माहीत आहे. तरी हॅलो म्हणून बघितलं. कुणीतरी खालून विचारलं, काय झालं?

माझ्या पार्किंगमध्ये बाळकाकांची स्कूटर उभी आहे. तीन दिवस बघतोय. ठरवलं की आज बोलायचं. शांतपणे. तोपर्यंत तेच वर आले. कपाळावर अजून पट्टी आहे. आमरसाची वाटी आणली होती. म्हणाले, देवयानीचा फोन आला होता हो मला. मंगळवारीच पोचली. गाडी स्टँडवर लावली, सगळं ठीक आहे, उद्या जॉइन होतेय, म्हणाली. तुला जेवायला विचारत जा असंही म्हणाली.

मी म्हटलं, या ना आत.

नको म्हणाले. वाटी दाराबाहेर लादीवर ठेवली आणि दोन पायऱ्या खाली उतरून उभे राहिले. तिथून म्हणाले, स्कूटर तिथे लावली तर चालेल ना रे? ती जागा आता रिकामीच असते, म्हणून.

मी म्हटलं, चालेल की काका, तुमचीच आहे.

ते बरं म्हणाले. माझ्याशी बोलत होते, पण बघत होते हाताकडे. प्लास्टरमधल्या.

म्हटलं, त्यांना जरा बरं वाटावं. हात खिशात घालायला गेलो. प्लास्टर खिशात मावत नाही.